तू म्हणायचीस फुटली, मी म्हणायचे वाढली

तारे, तुझा कावळा काल लगेच शिवला. तुझ्या लेकानं, संतोषनं, घाटावर पिंड ठेवला, हात जोडून जरा मागं सरकला, तोवर आलाच की पठ्ठ्या! बाकीच्यांच्या दशक्रियेला माणसं ताटकळत बसतात, पोरांचं करू, बांध कोरणार नाही, भावाशी बोलू, अशी एकेक वचनं देत बसतात. तुझ्या वेळी कुणाला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही. बायका म्हणाल्या, भाग्याची गं ताराबाई, तिचं काही मागं राहिलं नव्हतं. मी मागं बसून ऐकत होते. मनात म्हटलं, तिचं नसेल राहिलं. माझं राहिलंय त्याचं काय? भांडण असं अर्धवट टाकून कुणी जातं का?

शबाना म्हणते, अम्मी, मनात आहे ते कागदावर उतरव, नाहीतर घरातल्यांवर काढत बसशील. माझी लेक आहे, मला ओळखून आहे. म्हणून लिहायला बसलेय. तू कधी जन्मलीस, कुणाची कोण, मागं कोण कोण आहे, ते मी काही लिहिणार नाही. ते सगळं संतोषनं बॅनरवर छापून निरगुडसरच्या चौकात लावलंय. फोटो लावलाय तुझ्या आधारकार्डावरचा, पोलिसांनी धरून आणल्यासारखा. तू बघितला असतास तर स्वतःच्या हातानं फाडला असतास.

माझं माहेर मंचर, सासर जुन्नर, आणि दोन्हीकडं धंदा एकच, बांगड्यांचा. आम्ही मणियार, पण गावोगावच्या बायका मला कासारीणच म्हणतात. आंबेगाव आणि जुन्नर, दोन्ही तालुक्यांतल्या नवऱ्यामुलींचे हात माझ्या हाताखालून गेलेत. लग्नाआधी हिरवा चुडा भरायला मी, आणि भरताना गाणी म्हणायला तू. लोक आपल्याला एकत्रच बोलवायचे. एकीला बोलावलं आणि दुसरीला नाही, तर पहिली पण यायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तुझी रीतच वेगळी. आईकडून आलेली, आज्जीकडून आलेली गाणी तुला यायची सगळी, पण चुड्याला ती म्हणायची नाहीस. तू प्रत्येक नवरीचं गाणं नवं करायचीस. आदल्या दिवशी तिच्या घरी जायचीस, तिच्या आईच्या हातचा चहा प्यायचीस, गोठ्यात डोकावायचीस, पोरीला बाजूला घेऊन दोन शब्द काढून घ्यायचीस. दुसऱ्या दिवशी मी नवरीचा हात माझ्या मांडीवर घेतला, "मूठ सैल सोड गं" म्हटलं, की तुझं सुरू. कुठं लिहिलेलं नाही, काही नाही. ते गाणं त्या पोरीचंच असायचं, दुसऱ्या कुणाला ते लागू पडलं नसतं. मोठमोठ्या स्टेजवर गाणारे मी बघितलेत. असं करणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही, आणि हे मी कुणासमोरही छातीवर हात ठेवून सांगेन.

आणि गाणं संपलं की बायका माझ्याकडं वळायच्या. "बाई काय म्हनाली गं?" तुला विचारायची सोय नव्हती. तू तेवढ्यात पानाची चंची सोडून बसलेली असायचीस. कुणी फारच मागं लागलं तर म्हणायचीस, "आता म्हनून झालं. त्या कासारनीला इचारा, तिला सगळं कळतं." मग मी सांगायचे अर्थ. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

राजुरीचं ते लग्न आठवतंय? दुधाचं घर, दारात जर्सी गाई, सासू नुसती सोन्यानं मढलेली. चुडा भरताना तिकडची माणसं पण येऊन बसली होती, आणि तू गायलीस,

साय गं सासूला, दूध दिराच्या पेल्याला,
ताक पाहुण्यारावळ्याला, पातेलं माझ्या वाट्याला.

माझ्या हातातली बांगडी नवरीच्या अंगठ्याच्या सांध्यावर तशीच अडकली. सासूचं तोंड असं झालं की आता लग्न मोडतंय. नवरीची आई पांढरीफटक. तू निवांत, डोळे मिटून पुढचा चरण जुळवतेयस! मग मी घसा खाकरून सांगितलं, अहो, घरातलं पातेलं जिच्या हातात, ती घराची मालकीण. बाईनं तुमच्या सुनेला मालकीण म्हटलंय, साय तर तुम्हाला आधीच दिलीय. सासू हसली. सगळ्या हसल्या. लग्न लागलं.

परत येताना टेम्पोत तू माझ्यावर तोंड टाकलंस. "असा अर्थ न्हवताच त्याचा."

"मग काय होता?"

"जो हाय त्यो. पातेलं घासायला ती. सकाळ-संध्याकाळ."

"अगं, पण मी वाचवलं ना तुला!"

"मला न्हाई वाचवलं. त्या सासूला वाचवलं. तिला कळायला पायजे व्हतं."

मी आळेफाट्यापर्यंत तुझ्याशी बोलले नाही. पण सांगू का, ती पोरगी परवा मला बाजारात भेटली. म्हणाली, मावशी, अजून आमच्या घरात पातेल्याला कुणी हात लावला तर सासूबाई म्हणतात, ठेव, मालकिणीला विचार. म्हणजे माझाच अर्थ टिकला. तुला हे सांगायचं होतं आणि चिडवायचं होतं.

मढची नवरी मला तुझ्या सगळ्या गाण्यांत आवडते. माळशेजच्या अंगाची पोरगी, पावसाळ्यात चार-चार महिने धुक्यात वाढलेली, आणि दिली होती खाली, तुमच्या निरगुडसरकडच्या उन्हात. तिला तू गाणं केलंस,

पदराच्या गाठीला आई, थोडं धुकं बांधून दे,
उन्हाच्या गं गावाला मला जपून नांदू दे.

बायका ढसाढसा रडल्या. मी सांगितलं, धुकं म्हणजे आईची माया. दिसते पण मुठीत येत नाही. काय वाहवा झाली माझी! तू मात्र कोपऱ्यातून म्हणालीस, "धुकं म्हंजे धुकं. तिकडं नसतं ते." आणि वर मलाच समजावलंस की त्या पोरीला ऊन सोसत नाही, चेहऱ्यावर पुरळ येतं, ती स्वतः तुला म्हणाली होती. तेवढंच होतं म्हणे गाण्यात! मी कपाळाला हात लावला. पण घरी जाऊन विचार केला, तर मला ती पोरगी दिसायला लागली, तोंडावर पदर घेऊन बांधावरून चालणारी. मायाबिया काही दिसेना. तुझ्या गाण्याचं हे असं होतं. अर्थ लावला की गोड लागायचं आणि नाही लावला की चटका बसायचा.

आता आपल्या भांडणाकडं येते.

तुझा नवरा गेला तेव्हा तू तरणीताठी होतीस. बायकांनी तुला पाटावर बसवून दगडानं बांगड्या फोडल्या. काच मनगटात शिरली. मी आले तेव्हा चिंधी बांधली होती, ती सोडून मी हळद लावली. त्या बांगड्या मीच भरलेल्या होत्या. त्या दिवशी तू काही बोलली नाहीस आणि मीही नाही. नंतर कधीच नाही. मनगटावर ती पांढरी रेघ राहिली, ती रोज आपल्या दोघींच्या समोर असायची, आणि आपण तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. सगळं बोललो आपण, नवरे, सुना, गुडघे, एवढं सोडून.

वर्ष उलटल्यावर एका लग्नघरी मी तुला सोबत घेऊन गेले, तर घरची म्हातारी दारातच म्हणाली, ही चुड्याला कशी बसंल? मी गाठोडं उचललं. म्हटलं, मग मी निघते, भरा तुमच्या तुम्ही. मुहूर्त तोंडावर, दुसरी कासारीण कुठून आणतात? बसवलं तुला, नवरीच्या अगदी शेजारी. आणि तू काय गायलीस गं त्या दिवशी! त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही. उलट लोक सांगायला लागले, ताराबाई आहे ना चुड्याला, मग लग्न चांगलं होणार. माझ्या आयुष्यात मी जी काही थोडी कामं धड केली, त्यातलं हे पहिलं.

आणि मग शबानाचं लग्न आलं. जुन्नरला, माझ्या घरी. तुला आमंत्रण द्यायची गरज नव्हती, तू दोन दिवस आधीच पिशवी घेऊन हजर. शबानाच्या हातात चुडा मीच भरत होते. एकेक बांगडी दोनदा पारखून घेत होते. लेकीच्या वेळी सगळ्या कासारणी तसंच करतात. तिच्या सासरच्या बायका बसलेल्या. आणि तू गायलीस,

हिरव्या गं काचेला बाई, किणकिण वाजू दे,
फुटली तर फुटू दे, हात शाबूत राहू दे.

फुटली! चुडा भरताना! माझ्या घरात! अगं, आमच्या धंद्यात हा शब्द नाही. बांगडी फुटत नाही, बांगडी वाढते. हातातून सुटून फरशीवर पडली, शंभर तुकडे झाले, तरी आम्ही म्हणतो वाढली. लहानपणी मी एकदा फुटली म्हटलं तर आईनं लाटणं फेकून मारलं होतं. सगळ्या महाराष्ट्रातल्या बायका तसंच म्हणतात, एरवी तूही म्हणायचीस. शबानाच्या खालाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, तोंडून "तौबा" निघालं. मी सावरायला गेले, "वाढली म्हणायचंय तिला, वाढली."

तू म्हणालीस, "न्हाई. फुटली म्हनायचंय."

त्या वेळी माझं जे डोकं फिरलं! तुला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, माझ्या पोरीच्या अंगावर विधवेपणाचं गाणं टाकलंस? दुसऱ्या कुणाचं करायचं होतंस. तू तिथल्या पातेल्यातला रस्सा ढवळायला लागलीस, वळलीसुद्धा नाहीस. म्हणालीस, "मला चुड्याला बसवायला गावाशी भांडलीस. मी बसलेली चालते. माझा शब्द न्हाई व्हय चालत?"

मी पण काही मागं हटले नाही. म्हटलं, माणसाला पाट दिलाय, शब्दाला नाही मिळायचा. आणि मी अजून सांगते, मी काही चुकीचं बोलले नव्हते. बांगड्या विकणारीनं फुटली म्हणायचं, तर मग डॉक्टरनं मेला म्हणत फिरायचं का?

तू हट्टाला पेटलीस. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, त्या नवरीचं तिचं गाणं झालं, चुडा भरून झाला, की शेवटी शबानाचं गाणं. मुद्दाम. आणि मी पण तुझ्याच मातीतली. तू "फुटली तर" म्हटलंस की मी मोठ्यानं "वाढली तर!" तू आणखी वरच्या पट्टीत "फुटू दे", मी तिच्यावर "वाढू दे!" नवऱ्या हसून हसून बांगड्या वाजवायच्या. एवढं झालं की बायकांना वाटायला लागलं ते गाणंच तसं आहे, दोघींनी म्हणायचं.

सायलीनं, तुझ्या नातीनं, ते मोबाईलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. पुण्यात कंपनीत जाते, रविवारी गिटारवर स्वतः केलेली गाणी म्हणते, आज्जीची म्हणते, ऐकणारे हजारो. एका दुपारी तुझ्या ओट्यावर बसून तिनं आपल्याला लोकांनी खाली काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं होतं. धुक्याच्या गाण्याखाली एकानं लिहिलं होतं, कवयित्रीनं धुक्याच्या प्रतिमेतून व्यवस्थेवर बोट ठेवलं आहे. तू विचारलंस, "वेवस्था कोन? मढची का?" दुसरा म्हणत होता हे पाणीटंचाईचं गाणं आहे. तिसरीनं लिहिलं होतं, हे ऐकून मी आईला फोन केला. तिथं मात्र तू सायलीला म्हणालीस, हे परत वाच.

आणि मग बांगडीचं गाणं. खाली पानभर लिहिलं होतं कुणीतरी, शिकलेलं माणूस असणार. मुख्य आवाज म्हणजे बंड करणारी स्त्री, आणि मागून तिला दाबू पाहणारा जो दुसरा आवाज आहे, 'वाढली, वाढली' म्हणणारा, तो म्हणजे समाज. किती प्रभावी वापर केलाय!

मी उडालेच. "समाज काय? मी आहे ती! रेहाना!"

तू हसलीस, अशी हसलीस की पाणी डोळ्यांतून आलं, पान नरड्यात अडकलं, सायलीला पाठीत धपके घालावे लागले. "घे गं कासारनी, समाज झालीस तू! आता कर की भलं माजं!" त्यानंतर सहा महिने तू मला समाजच म्हणत होतीस. फोन उचलला की, "काय समाज, जेवलीस का?" मी वरवर चिडायचे. खरं सांगू, तुझ्या गाण्यात माझा आवाज आहे, पोरंपोरी त्यावर पानं भरून लिहितात, याचा मला लई अभिमान वाटायचा. तुझ्यापाशी कबूल करणार नव्हते, म्हणून आता लिहिते.

तू गेलीस त्या दुपारी संतोषचा फोन आला. मी दुकानात होते. रानातून आली, चहा टाक म्हणाली आणि भिंतीला टेकली, एवढंच तो बोलला. मी शटर ओढलं आणि आत काळोखात बसून राहिले. मग शबानाला फोन लावला. तिला म्हटलं, तुझी तारामावशी गेली. ती म्हणाली, "अम्मी, तुला एक सांगायचं होतं कधीपासून."

तारे, शबानाचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, तुला माहितीये. ती म्हणाली, तेव्हा घरात सगळे काय गेलं तेच बोलत होते. वारस गेला, पहिलं गेलं, कुणाची नजर लागली. नीट बोलायचे, जपून जपून, मेलं असं कुणी म्हणायचं नाही. त्या खोलीत पडून ती तुझं गाणं म्हणायची. मनातल्या मनात. फुटली तर फुटू दे, हात शाबूत राहू दे.

"अम्मी, सगळ्यांना काचेचं पडलं होतं," ती म्हणाली. "मावशीनं एकटीनं माझ्या हाताचं विचारून ठेवलं होतं, लग्नाच्या दिवशीच. तू म्हणतेस तसं वाढली असतं ना, तर मला त्याचा काही उपयोग झाला नसता. माझं काय वाढलं होतं? फुटलंच होतं."

लेकीचा जीव ज्या शब्दानं धरून ठेवला, त्या शब्दावर मी लग्नालग्नातून ओरडत होते. आणि ही पोरगी, माझी पोरगी, दोघींचं भांडण गंमत म्हणून बघत असेल असं मला वाटायचं. आठवडाभर आधी बोलली असती तर मी सकाळच्या एस्टीनं निरगुडसर गाठलं असतं. तुला सांगितलं असतं. तू कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "मंग? मी काय म्हनत व्हते?" आणि वर्षभर मला तेच ऐकवलं असतंस. ते ऐकून घ्यायला मी आज काय वाटेल ते देईन गं.

परवा, दशक्रियेच्या आदल्या दिवशी, संतोष जुन्नरला आला. पोरगा चांगला आहे तुझा, पण भिडस्त. चहा घेतला, बशीकडं बघत बसला. मग म्हणाला, "मावशी, सायली आईचं गाणं पुण्यात स्टुडिओत करनार हाय. चांगले लोक हायेत. उद्या घाटावर बी गाते म्हनती. पण त्यो शब्द... लोक बोलत्यात, मावशी. लग्नाची पोरगी हाय माझी. इधवा बाईनं असं म्हनून ठेवलं आन् नात तेच गाती, असं कुनी म्हनायला नको. मी तिला सांगितलंय, वाढली म्हन. ती ऐकंना. म्हनती, रेहानाआज्जी सांगंल तसं करते. तुमी जन्मभर आईला तेच सांगत आला. बांगडीचं तुमच्यापरीस कुनाला कळतं?"

बघ तारे, कसं जुळून आलं होतं! मी एक हूं म्हटलं असतं तर इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले असते. तू नव्हतीस अडवायला. तुझं गाणं जगभर गेलं असतं आणि त्यात माझा शब्द असता. संतोष कपबशी हातात घेऊन माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हटलं, उद्या येते घाटावर, तेव्हा बघू. तो गेला आणि मी दुपारची नमाज विसरले, इतकी डोक्यात तूच होतीस.

काल घाटावर गर्दी तर बघायची होतीस. प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीला माइकसमोर रांग. एकजण म्हणाले ताराबाईंनी गाण्यांतून संस्कार दिले. दुसरे म्हणाले त्या कधी कुणाला दुखावून बोलल्या नाहीत. मी शेजारणीला कोपरानं ढोसलं, म्हटलं, हे कुठल्या ताराबाईबद्दल बोलतायत? सोसायटीचे, दूध डेअरीचे, इच्छुक, भावी, सगळे बोलले. तुझं एक गाणं कुणाला येत नव्हतं.

मग सायली उभी राहिली. गिटार आणली नव्हती. नुसती टाळी, तू द्यायचीस तशी. महाराज माइकजवळच बसले होते, संतोष त्यांच्या बाजूला, टक्कल केलेला, डोळे सुजलेले. पोरीनं सूर लावला आणि तारे, माझ्या अंगावर काटा आला. गळा तुझाच, त्यात तिचं ते नवं काहीतरी, शहरातलं, ओढून ओढून शब्द सोडायचं. हिरव्या गं काचेला बाई, किणकिण वाजू दे. बायका डोलायला लागल्या. आणि पुढच्या शब्दाला ती थांबली. बापाकडं बघितलं. मग बायकांत मला शोधलं आणि माझ्याकडं बघत राहिली. टाळी चालू, तोंड बंद. जमलेल्यांना वाटलं रडू आलं असेल. मला कळलं काय ते.

मी उठले. बसल्या जागेवरून बोलायचं होतं, पण उठलेच. एवढ्या माणसांत, दशक्रियेच्या घाटावर, मी कासारीण. आणि ओरडून म्हटलं, "फुटली म्हण, सायली! बांगड्या मी विकते. मला माहितीये. फुटतात त्या."

पोरीनं असा काही आवाज लावला की पलीकडच्या काठावरची ढोरं वळून बघायला लागली. फुटली तर फुटू दे, हात शाबूत राहू दे. एकदा नाही, चारदा म्हटलं तिनं. माझी जागा होती तिथं, वाढली ओरडायची. मी गप्प राहिले आणि ती जागा मोकळी गेली. कुणाला कळलं नसेल. मला कळलं. माझ्या पुढं एक म्हातारी बसली होती, मोकळ्या मनगटांची, तुझ्या-माझ्याच वयाची. ती पहिल्यांदा नुसती ऐकत होती. चौथ्या वेळी तिनं सायलीबरोबर म्हटलं, हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

गाणं संपल्यावर संतोष माझ्याकडं आला. राग नव्हता त्याच्या तोंडावर, नुसता गोंधळ. "मावशी, पण तुमीच तर..."

मी म्हटलं, "ते भांडण माझं आणि तुझ्या आईचं होतं. त्यात तुम्ही पडायचं नाही. गाणं तिचं आहे, जसं आहे तसं जाईल. आणि सायलीच्या लग्नाचा चुडा मी भरणार आहे. हेच गाणं म्हणून. कुणाला काही बोलायचं असेल तर त्याला जुन्नरला माझ्या दुकानात पाठव."

तो हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा हसला असेल. मान हलवून परत महाराजांजवळ जाऊन बसला. महाराज बिचारे बाहेरगावचे, त्यांना कशाचा पत्ता नाही. ते त्याच्याकडं झुकले आणि हळूच विचारलं, या बाई कोण? पण माइक त्यांच्या तोंडाशी, आणि चालू. सगळ्या घाटाला ऐकू गेलं.

संतोषनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं म्हणेल, बांगड्या विकतात. नाहीतर म्हणेल, आईची मैत्रीण. काय म्हणाला माहितीये?

"महाराज, ह्या आईशी भांडायच्या."

सगळ्या घाटानं ऐकलं, तारे. सोसायटीवाल्यांनी, डेअरीवाल्यांनी, सगळ्या बायकांनी. मी पदर नीट केला आणि ताठ बसले.